डावं-उजवं

आमच्या घरी नव्या सुनेची पहिली परीक्षा ताट वाढण्याची असे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, वरणाची वाटी. मी लग्न होऊन लातूरकडून हैदराबादला आले तेव्हा पहिल्याच दिवशी कोशिंबीर उजवीकडे वाढली होती. सासूबाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "जेवणाऱ्याचं काही अडत नाही गं, पण वाढणारीचं माहेर कळतं." मला ते झोंबलं. तेव्हापासून आजतागायत माझा हात डाव्या-उजव्याला चुकला नाही.

डावं-उजवं करणं याचा दुसरा अर्थ आपल्याकडे सगळ्या बायकांना ठाऊक असतो. एकीला पोटाशी धरायचं, दुसरीला दूर ठेवायचं. तो अर्थही मी याच घरात शिकले. फरक एवढाच की त्या वेळी डावं-उजवं माझ्या बाबतीत कुणी केलं नव्हतं, मी केलं होतं.

२०१२ साली आमच्या धाकटीला, म्हणजे धाकट्या जाऊबाईंना, क्षय झाला. साधा नव्हे, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. तेव्हा त्याचे उपचार दोन वर्षं चालत. पहिले सहा-सात महिने रोज एक इंजेक्शन, त्याशिवाय मूठभर गोळ्या आणि कॅप्सुला. घरात लहान मुलं, त्यामुळे तिची खोली गच्चीजवळची केली, ते एक ठीक होतं, तिथे वारा खेळता होता. पण आम्ही तिचं ताट, वाटी, पेलाही वेगळा केला आणि डावीकडच्या फळीवर ठेवला. क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, मान हलवली आणि ताट वेगळंच ठेवलं. तिची मुलगी माझ्याजवळ झोपू लागली.

तिसऱ्या महिन्यात धाकटी बदलली. रात्रभर जागायची, भिंतीला कान लावून बसायची. "शेजारच्या बायका माझ्याविषयी बोलतात ताई, ऐका ना." एकदा तिने भरलेलं ताट जिन्यावरून भिरकावलं. ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा इतकी मऊ होती की भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही मला पुढे करायची. सासूबाईंना वाटलं, बाहेरचं काही लागलं. कुणीतरी म्हणालं, एर्रागड्ड्याला दाखवा. हैदराबादेत नुसतं एर्रागड्डा म्हटलं की लोक ओठ दाबून हसतात, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. आपल्याकडे ठाणं किंवा येरवडा म्हणतात तसंच. गंमत अशी की छातीच्या विकारांचं मोठं सरकारी रुग्णालयही त्याच एर्रागड्ड्यात आहे. एक नाव, दोन दुखणी. आम्हाला दोन्हींची लाज. तीन आठवडे आम्ही तिच्या डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही.

शेवटी सांगितलं तेव्हा डॉक्टर भाऊजींवर ओरडले. "हे पहिल्या रात्री का नाही सांगितलं? हे औषधाने होऊ शकतं." त्यांनी एक कॅप्सूल बंद केली, झोपेचं आणि मनाचं औषध दिलं. काही आठवड्यांत धाकटी ताळ्यावर आली. पुढे तीच कॅप्सूल कमी मात्रेत परत सुरू झाली. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं होतं, "ब-६ ची गोळी रोज देता ना?"

मी हो म्हणाले. ते खोटं होतं. तिच्या आठवड्याच्या गोळ्यांची डबी मी भरत असे. तिला इतक्या गोळ्या पाहूनच उमाळे यायचे. मला वाटलं, ही एक तर नुसती शक्तीची, ही नसली तरी चालेल. दोन महिने मी ती काढून ठेवत होते.

बंद केलेल्या कॅप्सुलेच्या पाकिटावरचं नाव माझ्या लक्षात राहिलं: सायक्लोसेरिन.

आमच्या गावात उप्पलच्या रस्त्यावर, हबसीगुड्याला, सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी ही संस्था आहे. सगळे तिला सीसीएमबी म्हणतात. १९७७ साली ती निघाली, पुष्पमित्र भार्गव तिचे संस्थापक. सप्टेंबरात एक दिवस ती शाळकरी मुलांना आणि कुणालाही उघडी असते. काही वर्षांनी पुतणीला घेऊन मी गेले. मुलं सूक्ष्मदर्शकाभोवती गर्दी करत होती. पुतणीने तिथल्या एका संशोधक मुलीला सरळ विचारलं, "सायक्लोसेरिन काय करतं?" मी चमकले. आईच्या औषधाचं नाव तिनेही लक्षात ठेवलं होतं. ती मुलगी हिंदी-तेलुगू मिसळून म्हणाली, जिवाणूला दायाँ ॲलॅनिन बनवू देत नाही. मला त्यातला फक्त ‘दायाँ’ कळला. ॲलॅनिनला उजवं-डावं कसलं? घरी येऊन मी वाचायला बसले. पुतणीची पुस्तकं, वाचनालयातली पुस्तकं, तिने समजावलेलं. जे कळलं ते इथे मांडते. हा इतिहास द्राक्षांपासून सुरू होतो.

१८४८ साल. पॅरिसमध्ये लुई पाश्चर पंचविशीचा होता. वाइनच्या पिंपांत तळाला जो खर जमतो, त्यापासून टार्टारिक आम्ल मिळतं. आपल्या चिंचेतलं आंबटही मुख्यतः तेच. या आम्लाचं पाणी एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाला उजवीकडे वळवतं. पण त्याचंच एक भावंड होतं, अगदी त्याच घटकांचं, त्याच प्रमाणातलं, जे प्रकाशाला कुठेच वळवत नव्हतं. लॅटिनमध्ये द्राक्षाच्या घोसाला रेसिमस म्हणतात, म्हणून त्या भावंडाचं नाव रेसिमिक आम्ल. पाश्चरने त्याच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले, तर दोन तऱ्हेचे निघाले. एका तऱ्हेचा बारीक तिरकस पैलू उजव्या अंगाला, दुसऱ्याचा डाव्या अंगाला. आरशात पाहावं तसे. त्याने तांदूळ निवडावेत तसे ते एकेक करून निवडले, दोन ढीग केले. एका ढिगाचं पाणी प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचं डावीकडे, तेवढंच. बिओ नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा विश्वास बसेना. त्याने हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत परत करून घेतलं आणि मगच मानलं.

इथे एक गोष्ट मला फार आवडली. हे स्फटिक असे वेगवेगळे पडतात ते हवा थंड असेल तरच, सुमारे २७ अंशांच्या खाली. हैदराबादच्या एप्रिलमध्ये पाश्चर बसला असता तर निवडायला काही मिळालंच नसतं.

पुढे त्याला असंही दिसलं की एक बुरशी या मिश्रणातला एकच प्रकार खाऊन टाकते आणि दुसऱ्याला तोंड लावत नाही. म्हणजे सजीवांना डावं-उजवं कळतं, आणि ते त्याबाबत आपल्या सासूबाईंहून कडक असतात.

आता हे डावं-उजवं म्हणजे काय, ते ज्यांनी घरी ब्लाउज शिवलाय त्यांना चटकन समजेल. बाही कापताना कापड दुहेरी घडी घालून कापायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. एकेरी कापडावर तोच कागद तसाच दोनदा ठेवून कापलं तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मोजमाप तेच, कापड तेच, पण उजव्या मुंढ्याला ती बसत नाही. पुढचा खोलवा मागे जातो आणि काखेत ओढतं. अमिनो आम्लांचं तसंच आहे. मधोमध कार्बनचा एक अणू, त्याला चार बाजूंनी चार वेगळ्या गोष्टी लागलेल्या. त्या दोन प्रकारे लावता येतात, डाव्या बाहीसारख्या किंवा उजव्या. शास्त्रज्ञ त्यांना एल आणि डी म्हणतात. मी आपलं डावं आणि उजवं म्हणते. अपवाद एकच, ग्लायसिन. त्याच्या चारातल्या दोन गोष्टी सारख्याच, त्यामुळे त्याला डावं नाही, उजवंही नाही. रुमालासारखं.

आपल्या अंगातली सगळी प्रथिनं, केसापासून रक्तापर्यंत, डाव्या अमिनो आम्लांची. झाडांची तशीच, मुंगीची तशीच, जिवाणूंचीही. त्यामुळे बराच काळ सगळ्यांना वाटत होतं की उजवी अमिनो आम्लं सजीवांच्या कामाचीच नाहीत. १९३५ साली हान्स क्रेब्सला मूत्रपिंडात एक असं विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं की ते फक्त उजव्यांचाच निकाल लावतं. जे अंगात नसतंच, त्याच्यासाठी पहारेकरी कशाला? याचं उत्तर मिळायला दह्याची वाट पाहावी लागली.

दह्यावरून आमच्या घरी कडक नियम. सासूबाई जुनं विरजण वापरत नसत. कोमट दुधात चांदीचा रुपया किंवा करवंटीचा तुकडा टाकायच्या, आणि लागलेलं दही आठ प्रहरांच्या आत संपवायचं. दह्यात जीव आहेत हे त्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होतं. मला मात्र त्या जिवांनी काय काय शोधून दिलं ते आता कळलं. १९४०च्या दशकात अमेरिकेत एस्मंड स्नेल हे दूध आंबवणाऱ्या जातीच्या जिवाणूंवर काम करत होते. या जिवाणूंना वाढायला ब-६ जीवनसत्त्व लागतं. ते काढून घेतलं की वाढ खुंटते. पण त्यांना भरपूर ॲलॅनिन दिलं तर ब-६ नसूनही ते तगत. आणि शोधत गेल्यावर दिसलं की उपयोगी पडत होतं ते उजवं ॲलॅनिन. निरुपयोगी समजलेलं तेच!

मग १९५१ साली वुड आणि गन्सॅलस या दोघांनी त्याचा उलगडा केला. अशाच एका जिवाणूत त्यांना एक विकर सापडलं, जे डाव्या ॲलॅनिनचं उजवं करतं आणि उजव्याचं डावं. ब-६ त्याचाच मदतनीस. जिवाणूला ब-६ हवं असायचं ते मुख्यतः उजवं ॲलॅनिन घडवायला. ते आयतं मिळालं तर ब-६ वाचून निभायचं. या विकराचं नाव ॲलॅनिन रेसिमेज. पाश्चरच्या द्राक्षाच्या घोसाचं नाव शंभर वर्षांनी असं दुधाच्या जिवाणूपर्यंत पोचलं.

डावी बाही उजवी कशी होते? उसवायची गरज नाही. तीच उलटी करा, आतलं बाहेर. लगेच दुसऱ्या हाताची. रेसिमेज जवळजवळ हेच करतं. ब-६ ॲलॅनिनला घट्ट धरून ठेवतं. एका बाजूला विकराचा एक हात असतो, दुसऱ्या बाजूला दुसरा. एक हात हायड्रोजन ओढून काढतो, क्षणभर तो भाग सपाट होतो, ना डावा ना उजवा, आणि लगेच दुसरा हात पलीकडून हायड्रोजन लावतो. झालं उलटं. १९९७ साली या विकराचा आराखडा स्फटिकांवरून मांडला गेला, त्यात हे दोन्ही हात समोरासमोर दिसतात.

एवढी उठाठेव जिवाणू का करतो? भिंतीसाठी. जिवाणूच्या अंगाभोवती एक जाळीदार भिंत असते. साखरेच्या लांब दोऱ्या आणि त्यांना आडवे टाके. हे टाके अमिनो आम्लांचे, आणि त्यांत मुद्दाम उजवी घातलेली. प्रथिनं कुरतडणारी बहुतेक विकरं डाव्यांना ओळखतात. उजव्या टाक्यापाशी त्यांचे दात चालत नाहीत. प्रत्येक नव्या टाक्याच्या टोकाला दोन उजवी ॲलॅनिनं असतात. टाका घालताना शेवटचं गळून पडतं आणि दुसरं शेजारच्या दोरीला जोडलं जातं. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही आणि ॲलॅनिन उलटवणारं हे विकरही नाही. म्हणून तर औषधवाल्यांची नजर तिथे गेली.

आता आमच्या हैदराबादचा भाग. भिंत पक्की, पण जिवाणूला वाढायचंही असतं, वीस मिनिटांत एकाचे दोन व्हायचे असतात. बंद जाळी वाढवणार कशी? ब्लाउज घट्ट झाला तर काय करतो आपण? आधी शिवण उसवतो, मग कळी घालतो. उसवल्याशिवाय कळी घालता येत नाही. सीसीएमबीतल्या डॉ. मंजुळा रेड्डी यांनी नेमका हाच प्रश्न धरला. सगळं जग भिंत बांधणाऱ्यांच्या मागे असताना त्यांनी उसवणाऱ्यांना शोधलं. २०१२ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ई. कोलाय जिवाणूतली तीन विकरं दाखवली, मेप-एस, मेप-एम आणि मेप-एच. ही उजव्या ॲलॅनिनपाशी आडवा टाका कापतात आणि नव्या दोऱ्याला वाट करून देतात. एखादं नसलं तर बाकीची निभावून नेतात; तिन्ही नाहीशी केली तर जिवाणू वाढू शकत नाही, मरतो. म्हणजे कात्री चालवणं हे मोडणं नाही, शिवण्यातलंच एक काम आहे. ज्या वर्षी आम्ही गच्चीजवळची खोली बंद करून बसलो होतो त्याच वर्षी, आमच्या घरापासून बसने तासाभरावर, एक बाई हे शोधून काढत होती. २०१९ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

दुसऱ्याच वर्षी, २०२० मध्ये, तोच पुरस्कार त्याच संस्थेच्या डॉ. राजन शंकरनारायणन यांना मिळाला. त्यांचं काम याच डाव्या-उजव्याचं, पण दुसऱ्या टोकाचं. पेशीत उजवी अमिनो आम्लं हिंडत असतील तर ती चुकून प्रथिनात शिरणार नाहीत कशावरून? शिरायला बघतातच. १९६७ साली कॅलेंडर आणि बर्ग यांनी दाखवलं होतं की उजवं टायरोसिन वाहक रेणूवर चढून बसतं आणि एक विकर त्याला तिथून उतरवतं. त्याचं नाव डीटीडी. पण त्याला ओळखू कसं येतं? हैदराबादच्या गटाने २०१३ साली त्याची बैठकच उघडून दाखवली. पुढे त्यांना कळलं की डीटीडी उजव्याला ओळखतच नाही मुळी. त्याची जागा अशी आहे की डावं त्यात मावतच नाही. जे मावेल ते काप, एवढंच त्याला येतं.

वाचताना मी इथे हसले, कारण अशा पहारेकऱ्याच्या हातून काय होणार ते मला लगेच दिसलं. आमच्या सोसायटीचा वॉचमनही असाच. ओळखीचे चेहरे सोडतो, बाकी सगळ्यांना अडवतो. बिचारं ग्लायसिन! ना डावं ना उजवं, लहानखुरं, ते त्या जागेत सहज मावतं आणि गुन्हा नसताना कापलं जातं. प्रथिनांना तर ग्लायसिन हवंच. २०१६ साली याच गटाने दाखवलं की दुसरं एक प्रथिन ग्लायसिनच्या सोबतीला येतं, त्याला झाकून सुखरूप पुढे नेतं.

पुन्हा औषधांकडे येते. पेनिसिलिन आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तीच ते देशात बनवायला. पण पेनिसिलिन जिवाणूला मारतं कसं, हे कारखाना उभा राहिल्यानंतर अकरा वर्षांनी नीट कळलं. १९६५ साली टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी मांडलं की पेनिसिलिनची घडण त्या टोकाच्या दोन उजव्या ॲलॅनिनांसारखी आहे. टाका घालणारं विकर फसतं, त्यालाच पकडतं आणि अडकून बसतं.

त्याच स्ट्रॉमिंजरने त्याआधी सायक्लोसेरिनचं कोडंही सोडवलं होतं. सायक्लोसेरिन १९५०च्या दशकात मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. तेही उजव्या ॲलॅनिनचंच सोंग, पण ते दोन ठिकाणी आडवं येतं. डाव्याचं उजवं होतं तिथे रेसिमेजला अडवतं, आणि दोन उजवी एकमेकांना जोडली जातात तिथेही. भिंतीला टाकाच मिळत नाही. क्षयाच्या जंतूची भिंत जाड आणि मेणचट, तरी उजव्या ॲलॅनिनवाचून तिचंही भागत नाही. म्हणून ते धाकटीच्या डबीत होतं.

आणि तिचं डोकं? इथपर्यंत येईस्तोवर मला धीर होत नव्हता, पण तेही वाचलं. सायक्लोसेरिन घेणाऱ्यांची मनं बदलतात हे डॉक्टरांना पहिल्या काही वर्षांतच दिसलं होतं. काही भ्रमिष्ट होत, उदास होत, काहींना झटके येत. काहींचं उलटंच, १९५९ साली जॉर्ज क्रेन या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांच्या काही क्षयरोग्यांची उदासी या औषधाने गेली, झोप आणि भूक सुधारली. जंतूच्या भिंतीवरचं औषध मनाला कुठे लागतं, हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. १९९२ साली जपानी संशोधकांना उंदराच्या मेंदूत उजवं सेरिन मिळालं, थोडंथोडकं नाही, भरपूर. १९९९ साली अमेरिकेत सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत ते घडवणारं विकरही सापडलं, सेरिन रेसिमेज. म्हणजे बाही उलटवणारं एक विकर आपल्याही डोक्यात आहे. त्याचाही मदतनीस ब-६. हे उजवं सेरिन मेंदूतल्या ज्या जागी बसून शिकण्या-आठवण्याचे निरोप पुढे पाठवतं, नेमक्या त्याच जागी सायक्लोसेरिनही जाऊन बसतं. शिवाय ते शरीरातल्या ब-६ च्या कामात खोडा घालतं, म्हणून ते सुरू असताना डॉक्टर ब-६ ची गोळी न चुकता द्यायला सांगतात.

ती शक्तीची गोळी.

मी ती देत राहिले असते तर धाकटीला ते तीन आठवडे भोगावे लागले नसते, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. गोळी घेणाऱ्यांनाही त्रास होतो, न घेणाऱ्या काहींना होत नाही. पण हे म्हणून मी स्वतःला किती वेळा समजावलं ते माझं मला ठाऊक. लोकांना आम्ही सांगितलं होतं, तिचं मन मुळात हळवं होतं. भाऊजींना कुणी म्हणालं, हिच्या माहेरी कुणाला आहे का असलं काही, विचारून घ्या. मी तिथेच बसले होते. गप्प राहिले.

धाकटी पूर्ण बरी झाली. २०१४ मध्ये, तेलंगण वेगळं झालं त्याच उन्हाळ्यात, तिचा कोर्स संपला. डावीकडच्या फळीवरचं ताट सासूबाईंनी स्वतः उचलून बाकीच्या ताटांत मिसळलं. कोणतं ते, आता ओळखता येत नाही. इंजेक्शनांनी तिला एका कानाने कमी ऐकू येतं, तेवढं मागे राहिलं.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिची परवानगी मागितली. ती दुधाला विरजण लावत होती. ती जुनंच विरजण वापरते, सासूबाई गेल्यापासून रुपया बंद झाला. मी सगळं सांगितलं. पाश्चर, बाही, भिंत, मेंदू. ब-६ च्या गोळीपाशी आले तेव्हा माझा आवाज बसला. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला होते, तरी वाटलं, ऐकू गेलं नसेल तर बरं.

"मला माहीत होतं ताई," ती म्हणाली. "डबीत दुपारच्या खणात एक कमी असायची. मी मोजायची."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "तेव्हा माझं कोण खरं मानणार होतं?"

मग म्हणाली, लिहा.

मी लिहिलं. पुतणी औषधशास्त्र शिकते आहे. तिने हे वाचून ग्लायसिनच्या जागी मी केलेली एक चूक दुरुस्त केली आणि विचारलं, "काकू, दही घेणार का?"